सोरायसिस आटोक्यात आलाय, तरी नवरा चारचौघांत येत नाही, असं का?

ताई, प्रश्न वाचला. उत्तर लांबणार आहे, कारण 'काउन्सेलरकडे न्या' एवढं लिहून सोडून देण्यासारखा हा विषय नाही. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंच्या मिस्टरांचं वय ३८, सोलापूर जिल्ह्यात राहतात, सासू-सासरे सोबत, आठ-नऊ वर्षांपासून सोरायसिस. मधली काही वर्षं फार वाईट गेली, पाठ, पाय, डोकं सगळं चट्ट्यांनी भरलेलं. आता वर्षभर गोळ्या चालू आहेत आणि अंग जवळपास साफ झालंय, कोपरांवर आणि केसांत थोडं राहिलंय, डॉक्टर म्हणतात मस्त कंट्रोल आहे. पण माणूस एप्रिलच्या उन्हात फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरतो, लग्नकार्याला जात नाही, केस घरीच मशीनने कापतो, गादी वेगळी टाकून झोपतो, सात वर्षांची लेक 'बाबा स्विमिंगला चला ना' म्हणाली की तिच्यावर खेकसतो. सासूबाई अजून त्याचा टॉवेल-चादर वेगळी धुतात. मे महिन्यात धाकट्या दिराचं लग्न आहे. आणि ताई विचारतात की हा हट्टीपणा आहे का डिप्रेशन, आणि मी नेमकं काय बोलू.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सांगली-मिरज भागात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तुमच्या मिस्टरांना मी तपासलेलं नाही आणि ऐकलंय ते फक्त तुमच्या बाजूचं, त्यामुळे खाली लिहिलेलं सगळंच्या सगळं तुमच्या घराला लागू होईल असं नाही. पण तुम्ही वर्णन केलेला माणूस मला ओळखीचा आहे, असे पेशंट ओपीडीत नेहमी येतात, आणि गंमत म्हणजे ते तक्रार करायला येत नाहीत, ते फक्त औषध लिहून घ्यायला येतात.

मला वाटतं तुमच्या घरात दोन कामं होती. एक, कातडी बरी करायची. दोन, कातडीपायी जे जे बंद पडलं ते परत चालू करायचं. पहिलं काम झालं, आणि सगळ्यांनी, डॉक्टरांसकट, असं धरून चाललं की दुसरं आपोआप होईल. काही लोकांचं होतं खरंच, विशेषतः आजार एक-दोन वर्षांचाच असेल तर. पण ज्याची उमेदीची आठ-नऊ वर्षं चट्टे झाकण्यात गेली त्याचं सहसा आपोआप होत नाही.

यात आम्हा डॉक्टरांच्या मोजपट्टीचाही एक घोळ आहे तो सांगते. सोरायसिस किती आहे ते आम्ही पासी नावाच्या स्कोअरवर मोजतो, लाली किती, जाडी किती, खपल्या किती, अंगाचा किती भाग, त्यावरून ० ते ७२. त्यात माणूस कुठे येतच नाही. म्हणून १९९४ मध्ये इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफला, दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली, तिला डीएलक्यूआय म्हणतात. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली का, कपडे निवडताना विचार करावा लागला का, बाहेर जाणं, खेळ, काम, नवरा-बायकोचे संबंध यात अडथळा आला का वगैरे. ३० पैकी मार्क, दहाच्या वर गेले की आजाराचा आयुष्यावर मोठा परिणाम आहे असं समजतात. चांगली यादी आहे, मीही वापरते. पण तिच्यात एक भोक आहे, दहापैकी आठ प्रश्नांना 'माझा याच्याशी संबंध नाही' असं उत्तर देता येतं आणि त्याला शून्य मार्क पडतात. म्हणजे बघा, तुमच्या मिस्टरांना विचारलं की त्वचेमुळे खेळायला, पोहायला त्रास झाला का, तर ते म्हणणार, छे, मी पोहतच नाही. शून्य. लग्नात अडचण झाली? मी जातच नाही. शून्य. जो माणूस जास्तीत जास्त गोष्टी सोडून बसलाय त्याचा कागद सगळ्यात स्वच्छ! हा आक्षेप जगभर घेतला गेलाय आणि त्यावर सुधारित हिशोबही निघालाय, पण घाईच्या ओपीडीत कोण बघतंय. म्हणून मी पेशंटला वेगळं विचारते, 'आजाराआधी करत होता आणि आता करत नाही असं काय काय आहे?' तुमच्या मिस्टरांना हा प्रश्न कोणी विचारलाय का बघा, माझी पैज, नाही विचारलेला.

आता सोडलेलं परत का सुरू होत नाही? एकेकाळी टाळण्याला कारण होतं. काळ्या शर्टावर कोंडा पडायचा, सलूनवाला मानेवर फडकं टाकताना थबकायचा, कुणी काका भर पंगतीत 'अरे हे काय झालंय हाताला' विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आधीच कुठल्यातरी गावच्या वैद्याचा पत्ता द्यायचे. न गेलं की हे सगळं वाचतं, त्या दिवसापुरतं खरंच हलकं वाटतं, आणि दरवेळी हलकं वाटत गेलं की न जाणं पक्कं होत जातं. मग चट्टे गेले तरी सवय तिथेच, कारण भीती खरी आहे का खोटी हे तपासायला माणूस बाहेरच पडत नाही. त्यात सोरायसिस हा परत येणारा आजार, आणि पेशंटला हे पक्कं ठाऊक असतं. आपल्याला वाटतं आता बरा झाला, त्याच्या मनात असतं की आज हाफ शर्ट घालून लोकांसमोर गेलो आणि थंडीत परत सगळं अंगावर आलं तर तेच लोक परत विचारणार. थंडीत बऱ्याच जणांचा आजार बळावतो हे खरंच आहे, म्हणजे भीती काही हवेतली नाही.

हट्ट किंवा डिप्रेशन असं काही नाव द्यायच्या आधी तीन गोष्टी मात्र तपासून घ्या, कारण या तीन गोष्टी 'स्वभाव बदलला' म्हणून खपून जातात.

पहिली म्हणजे सांधे. सोरायसिसच्या पेशंटपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होतो, त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात, आणि तो कातडी साफ असतानाही सुरू होऊ शकतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास अंग आखडलेलं, टाच दुखणं, एखादं बोट सॉसेजसारखं अख्खं सुजणं, कंबर रात्री दुखणं आणि हालचाल केल्यावर मोकळी होणं, यातलं काही आहे का विचारा. मुलीशी खेळायला नको म्हणणारा बाप कधीकधी दुखतंय म्हणून नको म्हणत असतो आणि 'आता अजून एक आजार सांगू का' म्हणून गप्प बसतो. याला उशीर केला तर सांधे कायमचे बिघडतात, त्यामुळे हे पहिल्या नंबरवर.

दुसरी गोष्ट औषध. गोळ्या कुठल्या ते तुम्ही लिहिलं नाहीये. एप्रेमिलास्ट असेल तर त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की काही जणांना उदासी येऊ शकते, वजनही उतरू शकतं. गोळी सुरू झाल्यावर मूड जास्त बिघडलाय असं वाटलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, स्वतःहून बंद करू नका. मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे मी संधी मिळेल तिथे लिहिते म्हणून इथेही लिहिलं. आणि मेथोट्रेक्सेटवर असताना दारू म्हणजे लिव्हरवर दुहेरी मार, तर ते एकटे असताना पितात का यावर लक्ष असू द्या.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. गादी वेगळी का? बऱ्याच सोरायसिस पेशंटना कधी ना कधी जांघेत किंवा लघवीच्या जागी चट्टे येतात, तिथे खपली नसते, नुसती लाल चकचकीत कातडी असते, आग होते, भेगा पडतात. नव्वद टक्के अंग साफ असून हाच एक भाग राहिलेला असू शकतो. पुरुष हे डॉक्टरला दाखवत नाहीत, लेडी डॉक्टर असेल तर अजिबातच नाही, बायकोला तर नाहीच नाही, आणि मेडिकलमधून ट्यूब आणून लावत बसतात. या ट्यूबांमध्ये बरेचदा क्लोबेटासॉलसारखं जबरदस्त स्टिरॉइड असतं, त्या पातळ कातडीवर ते महिनोन्महिने लावलं तर कातडी अजून पातळ होते. या जागेसाठी वेगळी, सौम्य औषधं आहेत. तुम्ही एवढंच विचारा की तिथे काही त्रास आहे का, असेल तर डॉक्टरांना मी सांगू का. आणि तिथे काही नसेल, तर गादी वेगळी राहण्याचं कारण बहुतेक जुनंच, चादरीवर पडणाऱ्या खपल्या. निरोगी कातडीचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो, सोरायसिसमध्ये तेच काम चार-पाच दिवसांत उरकलं जातं, म्हणून एवढा सडा पडतो. रोज सकाळी बायकोच्या आधी उठून चादर झटकणारे लोक मला माहितीयेत. चट्टे गेले, चादर झटकणं गेलं, पण गादी परत जोडायची कशी हे कुणी बोलत नाही. तुम्ही बोला, तुम्हीच पहिल्या बोला, त्यांच्याकडून ते निघणं अवघड आहे.

आता घर. सासूबाई टॉवेल वेगळा धुतात म्हणून तुम्हाला त्यांचा राग आलाय ते कळलं. सोरायसिस लागत नाही, टॉवेलने नाही, ताटाने नाही, एका पाण्यात पोहून नाही, जवळ झोपून नाही. तो प्रतिकारशक्तीच्या गडबडीचा आजार आहे, जंतूंचा नाही. पण सासूबाईंना हे तुम्ही सांगून पटणार नाही, सुनेचं ऐकून टॉवेल एकत्र करणारी सासू मी अजून पाहिली नाही. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा, 'डॉक्टर, हे घरात लागतं का?' तेच वाक्य डॉक्टरच्या तोंडून आलं की वजन वाढतं. शिवाय त्यांचं वेगळं धुणं कदाचित किळस नसेलही, मुलाच्या कपड्यांना तेल-मलम लागतं म्हणून गरम पाण्यात धुवायची सवय लागली असेल. ते तुम्हाला जास्त माहीत.

त्या पिढीच्या डोक्यात चट्टा म्हटलं की महारोग येतो, हे पण लक्षात घ्या. आपल्याकडे कुष्ठरोगाची एवढी मोठी लढाई झाली, आनंदवन उभं राहिलं, गावोगाव भिंतींवर 'अंगावर चट्टा दिसल्यास तपासून घ्या' लिहिलं गेलं, आणि त्याची भीती बाकीच्या सगळ्या चट्ट्यांनाही चिकटली. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला संवेदना कमी असते, सोरायसिसचा चट्टा खाजतो आणि त्याला चंदेरी खपली असते, बघणाऱ्या डॉक्टरला फरक लगेच कळतो. मात्र एक विनंती, नातेवाइकांना समजावताना 'आम्हाला काही महारोग झालेला नाही' हे वाक्य नका वापरू. लोक सर्रास वापरतात. कुष्ठरोगसुद्धा शिवल्याने लागत नाही, औषधाने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि तरी घटस्फोटाचं कारण म्हणून तो आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत होता. आपला कलंक झटकायला दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा नसतो.

आणखी एक वाक्य घरातून हद्दपार करा, 'टेन्शन घेऊ नकोस, टेन्शनने वाढतं'. ताणामुळे काही पेशंटचा आजार बळावतो हे खरं आहे. पण हे वाक्य रोज ऐकणाऱ्या माणसाला काय कळतं? की चट्टा उठला म्हणजे चूक माझीच, मीच टेन्शन घेतलं. म्हणजे आजार आहेच आणि वर आरोप. वांगं नको, दही नको, मासे नको हेही तसंच. वजन कमी करणं, दारू-सिगारेट सोडणं याचा खरंच फायदा होतो, तेवढं धरा. बाकी पथ्यांच्या याद्या करून बिचाऱ्याचं ताटही वेगळं करू नका, गादी आधीच वेगळी आहे.

तुम्ही विचारलंत काय बोलू. काय नाही ते आधी सांगते. 'आता तर सगळं गेलंय, कुणाला दिसतही नाही' हे नको. तुम्ही धीर द्यायला म्हणता, त्यांना ऐकू येतं की तुझं दुःख संपलेलं असायला हवं होतं. 'मुलीसाठी तरी चल' हेही नको, निदान सुरुवातीला नको, कारण मुलीपाशी बहुतेक त्यांची सगळ्यात मोठी भीती अडकलीये. माझ्याकडे येणारे बाप शेवटी, दारापाशी उभे राहून विचारतात ते हेच, 'हे लेकराला तर होणार नाही ना?' त्याचं उत्तर असं की आई-वडलांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण शंभरात दहा ते पंधरा धरतात. म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही. आणि बापाला मिठी मारल्याने, त्याच्यासोबत पोहल्याने त्या आकड्यात काडीचाही फरक पडत नाही. हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा, बरेचदा तो कुणी सांगितलेलाच नसतो आणि माणूस मनात शंभर टक्के धरून बसलेला असतो.

मग विचारायचं, 'तुम्हाला यातलं काय परत करायला आवडेल?' तुमची यादी नको, त्यांची. तुमच्या यादीत लग्न पहिलं असेल, त्यांच्या यादीत कदाचित सलूनमध्ये जाऊन दाढी करून घेणं असेल. तिथून सुरुवात करा. माझा अनुभव असा की सोपं काम आधी घ्यावं, आणि सोपं म्हणजे अनोळखी लोकांतलं. अनोळखी माणूस फार तर बघतो, नातेवाईक विचारतो, आणि बघण्यापेक्षा विचारणं जास्त लागतं. म्हणून आधी गच्चीवर बनियनवर बसणं, मग हाफ शर्ट घालून दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात, मग लांबच्या सलूनमध्ये, मग स्विमिंग पूल. पुलाचं म्हणाल तर भेगा नसतील तर क्लोरीनच्या पाण्याने फक्त कोरडेपणा येतो, बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ आणि ओल्या अंगावरच मॉइश्चरायझर, झालं. कोवळं ऊन तर फायद्याचंच, आम्ही मशीनमध्ये उभं करून जो प्रकाश देतो तो त्याच जातीचा. एखादी पायरी जमली नाही तर तीच परत, खाली उतरायचं नाही आणि बोलणी तर अजिबात खायची नाहीत.

आणि एक उत्तर पाठ करून ठेवायचं. 'सोरायसिस आहे, लागत नाही, औषध चालू आहे. तुमचं कसं काय?' एवढंच. हे घरात मोठ्याने बोलून बघायचं, हसू येईल तरी. लांबलचक समजावत बसलं की समोरचा उपाय सुचवायला लागतो, आणि गप्प बसलं की त्याची कल्पनाशक्ती सुरू होते. छोटं उत्तर आणि उलटा प्रश्न हे बहुतेक ठिकाणी चालतं. चिवट काकांवर चालत नाही, तिथे तुम्ही मध्ये पडा.

डिप्रेशनचं राहिलं. गेले दोन आठवडे जवळपास रोज मन उदास, आणि ज्या गोष्टी घरात एकट्याने करता येतात, म्हणजे क्रिकेट बघणं, गाणी, आवडीचं खाणं, त्यातलाही रस गेलेला, झोप बिघडलेली, 'मी तुमच्यावर ओझं आहे' असं बोलणं, हे असेल तर ते नुसतं टाळणं नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सोरायसिसमध्ये डिप्रेशनचं प्रमाण इतरांपेक्षा जास्तच असतं आणि त्यावर औषध घेण्यात कमीपणा नाही. जिवाचं काही बोलले तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलतात, आणि तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता, तुमचीही आठ-नऊ वर्षं गेलीयेत यात. बाहेर लोकांत नको पण घरात हसतात-बोलतात, मॅच बघतात, तर मग वर लिहिलेल्या पायऱ्या आधी करून बघा.

म्हणजे क्रम असा की आधी सांधे, औषध आणि ती नाजूक जागा, मग सासूबाईंना दवाखान्यात, मग मिस्टरांच्या यादीतलं सगळ्यात सोपं काम.

आणि दिराचं लग्न. ते पायऱ्यांमध्ये सगळ्यात वरचं आहे हे मान्य करा, तिथे सगळे विचारणारेच जमणार. तीन दिवस राबायचा आग्रह नको, अक्षतांना आले, जेवले, गेले एवढं ठरवलं तरी चालेल, आणि निघायची वेळ आधीच ठरलेली असू दे. तारखेच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून कोपरं आणि डोक्याचं काय करता येईल ते विचारा, तेवढ्या वेळात बरंच जमतं. मात्र आठवडा राहिला असताना कुणी 'लग्नापुरतं साफ करून देतो' म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळी दिली तर घेऊ नका. चार दिवस कातडी सुंदर दिसते आणि औषध उतरलं की आजार दुप्पट जोराने उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या पुळ्या येऊन ॲडमिट करायची वेळ येते. लग्नसराईनंतर अशा केसेस आम्ही बघतो. हळदीला मात्र त्यांना जपा. नवरदेवाच्या भावालाही सगळे धरून फासतात, शर्ट काढायला लावतात, आणि जोरात चोळलेल्या, खरवडलेल्या कातडीवर दहा-पंधरा दिवसांनी नवे चट्टे उठू शकतात. दिराला आधीच सांगून ठेवा, कपाळाला बोट लावलं की झालं, बाकीच्यांना त्याने स्वतः आवरायचं.